बिरसीची धावपट्टी आणि मागे राहिलेली विमानं

१२ ऑक्टोबर २०१४, रविवार. विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर आलं होतं. सभा, पत्रकं, आरोप-प्रत्यारोप लिहून हात दुखत होते. बाहेर हलका धान कापणीला आलेला, काही बांध्यांमध्ये कडपा पडलेल्या. अशा दुपारी आमगावकडचे ओळखीचे एक काका ऑफिसात आले. मुलगा नौदलात, विशाखापट्टणमच्या आयएनएस डेगा या विमानतळावर नोकरीला. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता आणि टीव्हीवर हुदहुद वादळ विशाखापट्टणमवर धडकल्याची बातमी सुरू होती.

मुलाचा फोन आला थेट मतदानाच्या दिवशी सकाळी. सुखरूप होता. काका चहा घेऊन आनंदानं सांगायला आले आणि जाता जाता एक प्रश्न टाकून गेले.

"भाऊ, विमान त उडते. वादळ येते म्हणून चार दिवसाआधी सांगतलं होतं. मंग सगळे विमानं उडवून नेले असतील न जी?"

तेव्हा मी "हो, नेली असतील" म्हणून मोकळा झालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मंडळी, आजची पोस्ट त्या प्रश्नावर आहे. लांब आहे, पण शेवटी ती आपल्या बिरसीला येते, म्हणून वाचाच.

आधी डेगा. तेलुगूत डेगा म्हणजे शिकारी पक्षी. हुदहुद हेही पक्ष्याचंच नाव, ओमानने सुचवलेलं. विशाखापट्टणमची धावपट्टी नौदलाची आहे आणि प्रवासी विमानंही तीच वापरतात. १२ तारखेच्या दुपारच्या सुमारास वादळ शहरावरूनच आत शिरलं. वाऱ्याचा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास. प्रवासी टर्मिनलच्या छताचे पत्रे उचकटले, आतलं छत खाली आलं, काचा फुटल्या, पाणी शिरलं. प्रवासी विमानं पुन्हा सुरू व्हायला १७ तारीख उजाडली. पण धावपट्टी वाचली. १४ तारखेला पंतप्रधान पाहणीला आले, १००० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली.

वादळ येणार असलं की जहाजं खोल समुद्रात काढायची आणि उडू शकणारी विमानं दुसऱ्या तळांवर पाठवायची, ही नौदलाची रीत. म्हणजे काकांचा अंदाज बरोबर होता. फक्त त्यातला एक शब्द राहिला होता : "उडू शकणारी".

हा शब्द किती महाग पडतो, ते चार वर्षांनी अमेरिकेत दिसलं. फ्लोरिडा राज्यात समुद्राला लागून टिंडाल नावाचा हवाई तळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये सुरू झालेला. तिथे एफ-२२ जातीची लढाऊ विमानं होती. एका विमानाच्या नुसत्या बांधणीचा खर्च हजार कोटी रुपयांच्या घरात, आणि त्याचं उत्पादन कधीच बंद झालेलं. म्हणजे एक गेलं तर त्याच्या जागी दुसरं येणार नाही. ७ ऑक्टोबर २०१८ ला समुद्रात एक साधा कमी दाबाचा पट्टा होता. १० तारखेच्या दुपारी तोच 'मायकेल' नावाचं महावादळ होऊन तळावर आला. वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर. मध्ये फक्त तीन दिवस.

त्या तीन दिवसांत माणसं हलवली गेली, बहुतेक विमानं ओहायो राज्यात उडवून नेली. पण सुमारे १७ एफ-२२ मागे राहिली. का? कुणाचं इंजिन उघडलेलं, कुणाचा सुटा भाग यायचा होता. आपल्याकडे ऐन रोवणीत ट्रॅक्टरचं इंजिन मिस्त्रीकडे उघडं पडलेलं असतं ना, तसंच. ती विमानं हँगरमध्ये ढकलली, दारं लावली. वादळाने हँगरांची छपरं फाडली.

पुढचे काही दिवस किती विमानं मागे राहिली, हे अमेरिकी हवाई दल सांगायला तयार नव्हतं. पण हेलिकॉप्टरमधून काढलेल्या चित्रांत फाटलेल्या छपराखालून विमानांचे पंख दिसत होते. पत्रकारांनी ते पंख मोजायला सुरुवात केली. नंतर तपासणीत कळलं की विमानांचं नुकसान भीती होती त्यापेक्षा कमी आहे, आणि दुरुस्त करून ती तिथून नेली गेली. तळ मात्र जवळजवळ नव्याने बांधावा लागतोय. खर्च सुमारे ५ अब्ज डॉलर.

जगातलं सगळ्यात महागडं लढाऊ विमान, आणि त्याचा जीव अवलंबून होता एका पत्र्याच्या छपरावर.

तरी टिंडालला तीन दिवस मिळाले होते. बांगलादेशात २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चट्टग्रामवर वादळ आलं, तेव्हा सहा मीटरच्या आसपास उंच लाट सोबत होती. एक लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. नौदलाचा तळ पाण्यात गेला, हवाई दलाची बहुतेक लढाऊ विमानं खराब झाली. इतकी माणसं गेल्यावर विमानांचं कोण मोजतो म्हणा. पण मदत पोचवायला लागणारी साधनंच पहिल्या रात्री निकामी झाली, हे त्यातलं खरं दुःख. आपल्याच कार निकोबारच्या हवाई तळाला २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने गाठलं. ते वादळ नव्हतं, पण घाला तसाच. हवाई दलाची माणसं आणि त्यांची घरची मंडळी मिळून शंभरावर जीव गेले. तिथे तर काहीच सूचना नव्हती. पुढे धावपट्टीचा जो भाग शाबूत राहिला, त्यावरच मदतीची विमानं उतरली.

सगळीकडे एकच गोष्ट दिसते. धावपट्टी बहुधा टिकते. मोडतात त्या शेड, टर्मिनल, माणसांची घरं. आणि नुकसान किती होणार हे वादळ येण्याच्या आधीच्या काही तासांत ठरतं.

आता बिरसी.

आपल्या गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, त्याच महायुद्धात बांधली. त्या युद्धात हवामानाची माहिती हे लष्करी गुपित होतं. १६ ऑक्टोबर १९४२ ला बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यावर भीषण चक्रीवादळ आलं, हजारो माणसं आणि गुरं वाहून गेली, आणि जपान्यांना कळू नये म्हणून सरकारने ती बातमी दोनेक आठवडे छापू दिली नाही. मी पत्रकार आहे, म्हणून हे मला जास्त टोचतं. मदत पोचायला हवी त्या दिवसांत बातमी दाबलेली होती.

युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. बरीच वर्षं ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, १९९८ मध्ये एमआयडीसीकडे आणि २००५ च्या शेवटी विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. वैमानिक घडवणारी शाळा आली. मार्च २०२२ मध्ये पहिली प्रवासी सेवा सुरू झाली, बंद पडली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही वर्षानुवर्षे गाजला, तो तुम्हाला ठाऊक आहेच.

तुम्ही म्हणाल, गोंदियाला समुद्र कुठे? खरंय. विशाखापट्टणम आपल्यापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या वर आहे, समता एक्सप्रेसने जायचं म्हटलं तर याहून बरंच लांब. हुदहुदही आपल्या शेजारून, छत्तीसगडमधून पुढे सरकत गेलं तेव्हा थकलेलं होतं. तरी त्याच्या शेवटच्या ओलाव्याने १४ ऑक्टोबरला नेपाळच्या अन्नपूर्णा भागात असा बर्फ पडला की चाळीसवर माणसं मेली. वादळाला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

आणि आपलं स्वतःचं वावधन विसरू नका. चैत्र-वैशाखात दुपारी चारला आभाळ काळं होतं, धूळ उठते आणि पंधरा मिनिटांत पत्रे शेजारच्या वावरात. हे वादळ छोटं, पण ते चार दिवस आधी सांगून येत नाही. नागपूरच्या रडारवर ढग दिसला की हवामान खातं पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देतं. बस, तेवढाच वेळ. कधीकधी तोही नाही.

शिकाऊ विमान किती नाजूक असतं, तेही सांगतो. बिरसीच्या आकाशात आपण जी छोटी पांढरी विमानं पाहिली, त्यातलं चार आसनी डायमंड डीए-४० भरलेलं असताना साधारण १२०० किलोचं. म्हणजे एका मोटारीएवढं वजन आणि त्याला बारा मीटरचे पंख. ताशी नव्वद-शंभर किलोमीटरचा वारा समोरून पंखावर आला की विमानाला आत कोणी बसलंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, ते उचललं जाऊ पाहतं. म्हणून उघड्यावरचं विमान जमिनीतल्या कड्यांना दोराने बांधून ठेवतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, हे हिशेबात धरून ते दोर आणि शेडचे खांब असावे लागतात.

म्हणून माझे तीन प्रश्न आहेत. आरोप नाही, प्रश्न.

एक, वावधनाचा इशारा निघाल्यावर तो बिरसीच्या मैदानावर कोणाच्या हातात आणि किती मिनिटांत पोचतो?

दोन, त्या वेळी जी विमानं उडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी छप्पर किती वाऱ्याचं बांधलंय?

तीन, तोच इशारा कुंपणाबाहेरच्या बिरसी, परसवाडा, कामठा या गावांत, वावरात काम करणाऱ्या बाईमाणसाला कोण सांगतो? विमान बांधायला दोर आहे, तिच्या घराच्या पत्र्यावर फक्त दगड आहेत.

हे तीनही प्रश्न मी या आठवड्यात लेखी पाठवतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकीन. तुमच्या गावात वावधनाने शाळेचे, गोठ्याचे, घराचे पत्रे उडाले असतील तर गावाचं नाव, साल आणि त्या दिवशी आधी काही सूचना मिळाली होती का, एवढं खाली लिहा. मी यादी करतोय.

काकांचा मुलगा आता दुसऱ्या तळावर आहे. मागच्या महिन्यात काका रेल्वे स्टेशनवर भेटले, मी त्यांना टिंडालची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे जे दुरुस्तीले पडलं राह्यते, त्याचीच आधी काळजी घ्या लागते न जी."

हो काका. बिरसीबद्दलही तेच विचारतोय.