घाऊक ई-मेल : विश्वासाची मोहोर की काळी यादी?

एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर धाडलेला संदेश म्हणजे घाऊक ई-मेल. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क यांनी सुमारे ४०० जणांना असा पहिला जाहिरात-संदेश पाठविला. आज ट्रॉम्ब्यातील ग्राहकाच्या टपालपेटीत बँकेचे विवरणपत्र आणि लॉटरीचे आमिष शेजारी-शेजारी येऊन पडतात. दोन्ही घाऊकच, फरक संमतीचा.

१९९८ मध्ये स्थापन झालेली ‘स्पॅमहाउस’ उपद्रवी सर्व्हरांच्या काळ्या याद्या ठेवते. मात्र घाऊक सेवेच्या एकाच सर्व्हरवरून अनेकांची पत्रे जात असल्याने एकाच्या आगळिकीची झळ इतरांनाही बसते. उलट, कायमचा विश्वास बहाल केल्यास त्याचा गैरफायदा घेतला जातो.

२०२४ मध्ये गूगलने मधला मार्ग काढला. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५ हजार वा अधिक संदेश पाठविणाऱ्यांना ओळखीची तांत्रिक खातरजमा आणि जाहिरात-संदेशांत एका क्लिकवर नाव वगळण्याची सोय बंधनकारक झाली. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राखणेही आले.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये उपद्रवी व दिशाभूल करणाऱ्या ई-मेलचाही समावेश होता. पालघरच्या दोन तरुणींच्या २०१२ मधील अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. घाऊक एसएमएससाठी ‘ट्राय’ची २०१८ ची नियमावली आहे, ती ई-मेलला लागू नाही. त्यामुळे विश्वास हा परवाना न मानता, प्रेषकाने आपल्या वर्तनातून रोज मिळवावा, हेच श्रेयस्कर.