दंतमुकुटाची बैठक

किडलेला अथवा झिजलेला दात तासून त्यावर जे कृत्रिम आवरण बसवितात आणि बोलण्यात ज्याला ‘कॅप’ म्हणतात, त्या दंतमुकुटाचे आयुष्य धातूच्या मोलापेक्षा त्याची कड व दात यांच्यामधील फटीवर अधिक अवलंबून असते. फट रुंद राहिल्यास सिमेंट लाळेत हळूहळू विरघळून आत पुन्हा कीड शिरते. मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये सुचविलेली १२० मायक्रॉनांची मर्यादा आजही प्रमाण मानतात.

शिकागोचे दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली ज्या ओतकामाला दंतवैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यात मेणाच्या नमुन्याभोवती जिप्सम व सिलिका यांचे मिश्रण थिजवून, भट्टीत मेण जाळून, उरलेल्या पोकळीत सोन्याचा रस भरतात. हा रस घट्ट होऊन निवताना सुमारे दीड टक्का आकसतो. ही तूट भरून निघावी म्हणून साचाच आधी फुगवून घेण्याची तजवीज असते, आणि तो काही मिश्रण थिजताना, तर काही सिलिकेचे स्फटिकरूप उष्णतेने पालटताना फुगतो. मिश्रणात पाणी थोडे जास्त पडले, की फुगवटा घटून मुकुट तंग होतो व दातावर पुरता उतरत नाही. मेणाचा नमुना तासन्‌तास तसाच राहिला, तर त्यातील ताण सैल होऊन कड वळते. निकेल-क्रोमियम हा मिश्रधातू सोन्याहून अधिक आकसतो आणि त्याची उष्णता जिप्समला सोसत नाही, म्हणून तेथे फॉस्फेटयुक्त साचे लागतात.

झिर्कोनिया या सिरॅमिकचा हिशेब उलटा. अर्धवट भाजलेल्या ठोकळ्यातून मुकुट मुद्दाम मोठा कातून, सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २० ते २५ टक्के आकसू देतात. आकुंचन इतके प्रचंड असूनही ते एकसारखे व आगाऊ ठाऊक असल्याने बाधत नाही. खरी अडचण कातणाऱ्या हत्याराची. त्याच्या टोकाच्या व्यासाहून अरुंद कोपऱ्यात ते शिरत नाही, सबब संगणक आतून जादा माल काढावयास लावतो, आणि कड नेटकी असूनही मुकुट आत ढिला राहतो. याचा इलाज प्रयोगशाळेत नसून दवाखान्यात आहे : दात तासतानाच कोपरे गोलावणे.

लेसरने कोबाल्ट-क्रोमियमची भुकटी थरावर थर वितळवून घडविलेल्या मुकुटात ओतकामाची यातायात टळते, परंतु प्रत्येक थर निवताना साठणारा ताण उष्णोपचाराने काढावा लागतो. धातूवर पोर्सेलीन चढवून भाजताना कड पुन्हा किंचित हलू शकते. यास्तव जाणता कारागीर मुकुट प्रत्येक भाजणीनंतर दाताच्या प्रतिकृतीवर बसवून पाहतो.