मिरी, मिरची आणि सोन्याचे धागे

आपली संक्रांत जानेवारीत येते, मकरेची. थायलंडची येते १३ एप्रिलला, आणि तिचं नाव सोंगक्रान. शब्द तोच, संस्कृतातला संक्रांती. सूर्य मेष राशीत जातो त्या सुमाराचा हा सण, म्हणजे तिथलं जुनं नववर्ष. सरकारी वर्ष १९४१ पासून १ जानेवारीला सुरू होतं, तरी घराघरांतला नव्या वर्षाचा सण आजही सोंगक्रानच. टीव्हीवर आपल्याला दिसते ती रस्त्यावरची पाण्याची धमाल. घरातला सण मात्र शांत असतो. बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालायचं, मग वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचा.

या दिवसांत ‘खाओ छे’ करतात. शिजवलेला मोकळा भात मोगऱ्याचा वास लागलेल्या गार पाण्यात, आणि सोबत तळलेले छोटे चविष्ट पदार्थ. मूळचा हा मोन समाजाचा सणाचा पदार्थ, नंतर राजवाड्यात पोचला. पाण्यातला भात म्हटलं की आपल्याला शिळ्याची आठवण येते. तिथे तोच उन्हाळ्यातला मानाचा घास.

रोजचं जेवण मात्र साधं. थाई भाषेत जेवणं म्हणजे ‘किन खाओ’, शब्दशः भात खाणं. आपणही ‘भात खाल्ला का’ विचारतो ना कोकणात, तसंच. भाताबरोबर असतं ‘नाम फ्रिक’. खलबत्त्यात मिरची, लसूण, आंबवलेल्या कोळंबीचा गोळा कुटायचा, वर लिंबू पिळायचं आणि भाज्या त्यात बुडवून खायच्या. आपल्या ठेच्याची बहीणच म्हणा.

आता गंमत ऐका. ‘फ्रिक’ म्हणजे आज मिरची, पण पूर्वी हा शब्द मिरीचा होता. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत अयुत्थयाला, म्हणजे त्या वेळच्या थाई राजधानीला पोचला. त्यांच्या व्यापारातून मिरची आशियाभर पसरली. थाई स्वयंपाकघरात ती इतकी रुजली की तिने मिरीचं नावच घेतलं आणि बिचाऱ्या मिरीला ‘फ्रिक थाई’ म्हणायची वेळ आली. आपणही मिरीवरूनच मिरची म्हटलं की! तह कोणी केले, लढाया कोणी जिंकल्या हे लिहून ठेवलेलं सापडतं. पहिली मिरची कोणत्या बाईने कुटली, ते कोण लिहिणार?

एका बाईचं नाव मात्र राहिलं. मारिया गुयोमार. जन्म अयुत्थयाचा, घराण्यात जपानी आणि पोर्तुगीज रक्त. नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन मूळचा ग्रीक, राजा नारायच्या दरबारातला बडा मंत्री. १६८८ मध्ये सत्तापालट झाला आणि फॉल्कनला मारलं. मारियाने बँकॉकच्या किल्ल्यातल्या फ्रेंच सैन्याकडे आसरा मागितला, तर त्यांच्या सेनापतीने तिला परत सोपवलं. काल मंत्र्याची बायको, आज राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दासी. पुढे त्याच मुदपाकखान्याची ती प्रमुख झाली.

थाई लोक अंड्याच्या बलकाच्या मिठायांचं श्रेय तिला देतात. त्याआधीची मिठाई तांदळाचं पीठ, नारळ आणि ताडगुळाची. ‘फॉय थोंग’ म्हणजे सोन्याचे धागे. बलक बारीक भोकांच्या शंकूतून उकळत्या पाकात सोडायचा, त्याचे पिवळे दोरे होतात. थोंग म्हणजे सोनं, म्हणून ही मिठाई लग्नात हवीच, आणि धागे कापायचे नाहीत, संसार लांबावा म्हणून. ‘थोंग यिप’ चिमटीने फुलासारखी करतात, ‘थोंग योत’ थेंबासारखी.

सगळं एकट्या मारियानेच आणलं हे आम्हाला पटत नाही. तिच्या जन्माआधी शंभर वर्षांहून जास्त काळ पोर्तुगीज त्या शहरात ये-जा करत होते. धाग्यांची ही मिठाई तर पोर्तुगालात आजही करतात. बलकाचे गोड पदार्थ त्यांच्या वाटेवर जागोजागी सापडतात. गोव्याची बेबिंका घ्या, तीही बलक आणि नारळाच्या रसाची. म्हणजे अयुत्थयातल्या कितीतरी घरांत बायका हे करतच असणार. मारिया राजवाड्यात होती, म्हणून तिचं नाव टिकलं. पण ज्या मुदपाकखान्यात शिक्षा म्हणून ढकललं तिथेच तिने आपला हात चालवला, हे तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

१७६७ मध्ये बर्मी फौजांनी अयुत्थया जाळलं. वाचलेल्या पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबांना राजा ताकसिनने नदीकाठी जमीन दिली. बँकॉकमधली ती वस्ती कुडी चीन. तिथल्या काही घरांत मैदा, बदकाची अंडी आणि साखर फेटून एक छोटा केक आजही भाजतात. त्याला म्हणतात ‘खानोम फरांग’. खानोम म्हणजे खाऊ. आणि फरांग? आपला फिरंगीच तो.