क्षयरोगोपचार, सार्वजनिक (भारत)

क्षयरोग्यांस सरकारी खर्चाने औषध पुरविण्याची व उपचारकाळी त्यांच्या पोषणास हातभार लावण्याची व्यवस्था. स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार यांवाचून हा रोग हटत नाही, या समजुतीने रोग्यास आरोग्यधामात ठेवण्याचा जो प्रघात होता, त्यास १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासाने हादरा दिला. कारण दाटीच्या वस्तीत, निकृष्ट अन्नावर राहून घरीच औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले, आणि त्यांच्या सहवासाने कुटुंबीयांस अधिक बाधा झाल्याचेही आढळले नाही. पुढे १९६२ मध्ये जिल्हा हा घटक धरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९७ पासून देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत आली. साध्या क्षयावर सामान्यतः सहा महिने औषध घ्यावे लागते. परंतु खोकला व ताप त्याआधीच ओसरतात, रोजगार बुडवून दवाखान्याची वाट धरणे मजुरास जड जाते, आणि औषध अर्ध्यावर सुटले की औषधांस न जुमानणारा क्षय बळावण्याचा धोका उभा राहतो. २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये रोग्याच्या बँक खात्यात जमा करण्याची तजवीज झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये आहे. बुडालेल्या मजुरीच्या मानाने ती तुटपुंजीच म्हणावी लागेल.