जिग, पिग आणि अ‍ॅक्रनचं गांडूळ

ट्रेलर म्हटलं की आपल्याला एक तर हायवेवरचा अठरा चाकी धूड आठवतो, नाही तर सिनेमाचा ट्रेलर. अमेरिकेत बास पकडणाऱ्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. त्याच्या लेखी ट्रेलर म्हणजे जिगच्या गळावर मागे अडकवलेला बोटभर लांबीचा मऊ प्लास्टिकचा तुकडा. या तुकड्याचा इतिहास वाचायला बसलो तर त्यात विमा एजंट निघाला, डुकरं निघाली, टायरच्या कारखान्यांचं गाव निघालं. म्हटलं, या शनिवारी हेच लिहू.

आधी ओळख करून देतो, कारण हा मासा आपल्या नद्यांमधला नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला मासा. तोंड भलतंच मोठं, स्वभाव दबा धरून बसणाऱ्याचा. पाण्यात पडलेलं झाड, वेताचं बेट, खडकाची कपार असल्या अडचणीच्या जागी तो बसतो आणि समोरून जाईल ते तोंडात ओढून घेतो. त्याचं एक आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश, आपल्या झिंग्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद.

आता जिग. शिशाचा एक गोळा गळाच्या मानेशीच ओतलेला, त्याच्याभोवती झालर आणि समोर ब्रशसारखे ताठ तंतू, म्हणजे गळ लाकडात अडकत नाही. झालर पूर्वी हरणाच्या शेपटीच्या केसांची असायची, मग रबराची आली, आता बहुतेक सिलिकॉनची असते. पाण्यात सोडला की हा प्रकार थेट तळाशी जातो. नुसता जिग म्हणजे झालर नेसलेलं शिसं. त्याला जिवंतपणा येतो तो मागच्या ट्रेलरमुळे. तळावर टुणटुण उड्या मारत जाणारा जिग आणि मागे हलणारे दोन पाय किंवा नांग्या, हे बासला क्रेफिशसारखं दिसतं. (निदान असं माणसांना वाटतं. माशाला कोणी विचारलेलं नाही :) )

पहिले ट्रेलर प्लास्टिकचे नव्हतेच. ते होते डुकराचे. १९१०च्या दशकात ओहायोतल्या क्लीव्हलंडचा अल फॉस डुकराच्या कातडीच्या पट्ट्या लावलेली आमिषं विकत होता. पण हा धंदा खऱ्या अर्थानं वाढवला तो विस्कॉन्सिनमधल्या अंकल जॉश या कंपनीनं, १९२०च्या दशकापासून. कंपनीचं गाव फोर्ट अ‍ॅटकिन्सन, म्हणजे सॉसेजसाठी प्रसिद्ध असलेल्या जोन्स डेअरी फार्मचं गाव. डुकराच्या पाठीची कातडी, तिला चिकटलेल्या चरबीच्या थरासकट, बेडकाच्या आकारात कापायची, खारवायची, रंगवायची आणि खाऱ्या पाण्याच्या बरणीत भरायची. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्या असतात तशा तिकडच्या मासेमारांच्या फडताळात या बरण्या असत. जिगच्या मागे हा बेडूक लावला की जोडीचं नाव 'जिग अँड पिग'. यमक जुळतंय म्हटल्यावर नाव टिकणारच.

डुकराच्या कातडीत दोन गुण होते. एक म्हणजे ती चिवट. एक तुकडा दिवसभर चालायचा, माशानं कितीही ओढलं तरी गळावरून निघायचा नाही. दुसरा गुण जास्त महत्त्वाचा: थंडगार पाण्यातही ती लवचिक राहायची. खोटही तितकीच मोठी. बोटीत उन्हात ठेवली की वाळून चामड्यासारखी कडक व्हायची, मग ती गळातून काढायला चाकू-पक्कड घेऊन बसा. म्हणून जेवायला थांबताना जिग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची लोकांना सवय होती.

तर आता दुसरीकडे, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये. अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव: गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे तिथलेच. १९२६ साली गुडरिचमध्ये वॉल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होता. पीव्हीसी तेव्हा कडक, ठिसूळ आणि जवळजवळ निरुपयोगी पदार्थ मानला जायचा. सेमननं तो उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवला आणि गार झाल्यावर हातात आला रबरासारखा ताणला जाणारा, जेलीसारखा गोळा. चिकटवायला तो काही कामाचा नव्हता. पण रेनकोट, वायरीची वेष्टनं, शॉवरचे पडदे असं अर्धं घर पुढे याच शोधावर उभं राहिलं. रिक्वायरमेंट एक, डिलिव्हरी भलतीच, आणि तरी प्रॉडक्ट हिट!

त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम हा मशिनिस्ट आणि त्याची बायको कॉस्मा घरच्या घरी साच्यात प्लास्टिकचं गांडूळ ओतत होते. तत्त्व साधं आहे. पीव्हीसीची बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळायची. हे दुधासारखं मिश्रण साधारण पावणेदोनशे अंश सेल्सियसपर्यंत तापवलं की भुकटीचे कण तेल पिऊन फुगतात, एकमेकांत विरघळतात, आणि गार झाल्यावर मऊ घन पदार्थ तयार होतो. तेल जास्त घातलं की गांडूळ जास्त मऊ. घट्ट-पातळ ठरवायचं ते तेलाच्या प्रमाणावर, पिठलं करताना पाण्यावर ठरवतो तसं. १९५१ पासून क्रीम दांपत्य ही गांडुळं टपालानं विकू लागलं, एका डॉलरला पाच. पुढे कंपनी टेक्सासमधल्या टायलरला गेली.

टेक्सासच का, याचं उत्तर धरणांत आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात रोचक हाच भाग वाटतो. १९३३ साली टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन झाली तेव्हापासून पुढची तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेत धरणांमागून धरणं झाली. पूरनियंत्रण, वीज, पाणीपुरवठा ही कारणं. बऱ्याच ठिकाणी जंगल पुरतं न तोडताच पाणी भरलं. टेक्सासचं सॅम रेबर्न, टेक्सास-लुइझियाना सीमेवरचं टोलेडो बेंड या जलाशयांत मैलोन् मैल बुडालेली झाडं उभी होती. ज्यांची शेतं-घरं गेली त्यांच्या दृष्टीनं ही काय चीज होती हे धरणग्रस्त पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. बासला मात्र दबा धरायला आख्खं जंगल आयतं मिळालं.

अशा पाण्यात उघडा गळ टाकला की तो लाकडात गेलाच. यातून 'टेक्सास रिग' आला: गळाचं टोक प्लास्टिकच्या गांडुळातच लपवायचं, मासा चावला आणि हिसका दिला की टोक बाहेर. हे डुकराच्या चिवट कातडीत जमणारं नव्हतं, मऊ प्लास्टिकच हवं.

मग आला विमा एजंट. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या रे स्कॉटनं जून १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. तिथलं धरण वर्षभरापूर्वीच, १९६६ साली पुरं झालं होतं. प्रवेश फी शंभर डॉलर, स्पर्धक १०६. १९६८ साली त्यानं 'बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी' काढली आणि १९७१ साली पहिली बासमास्टर क्लासिक भरवली नेवाडाच्या लेक मीडवर, म्हणजे हूवर धरणाच्या पाण्यात. स्थळ गुप्त, स्पर्धकांना ते कळलं विमानात बसल्यावर. बक्षीस दहा हजार डॉलर, सगळे एकालाच. १९७२ पासून स्कॉटनं मासा मारू नका, परत सोडा ही मोहीम चालवली. दयाबुद्धी किती आणि धंद्याची दूरदृष्टी किती हा प्रश्न आहेच, पण मासे वाचले हे खरं.

स्पर्धेत जिंकायचं ते वजनावर. त्यामुळे 'मासे कशानं जास्त मिळतात' हा प्रश्न मागे पडून 'मोठे मासे कशानं मिळतात' हा पुढे आला, आणि तिथे जिगचं नशीब उघडलं. कॅलिफोर्नियाचा डी थॉमस वेताच्या बेटांत लांबलचक काठीनं जिग अलगद सोडायचा. इतरांनी तक्रार केली, काठीच्या लांबीवर बंधन आलं. गड्यानं साडेसात फुटांची जाड काठी घेतली आणि तेच तंत्र त्यावर बसवलं. १९७५ साली त्यानं आर्कान्साच्या बुल शोल्स जलाशयावरची स्पर्धा जिंकली आणि 'फ्लिपिंग' देशभर गेलं. हातभर अंतरावरच्या झुडपात आवाज न करता जिग उतरवायचा, एवढंच ते तंत्र. पण त्या झुडपातून चार-पाच पौंडांचा मासा बाहेर ओढायचा तर जाड गळ आणि जाड तंगूस हवाच.

आता निवड. दुकानातल्या भिंती पाहिल्या तर माणूस घाबरतो, पण मागचं तर्कशास्त्र फार नाही. जिगच्या डोक्याचा आकार तळ पाहून ठरवतात. लाकडाला 'आर्की' नावाचं चपटं डोकं (आर्कान्सावरून), खडकाळ तळाला आडवं फुटबॉलसारखं, कारण ते कपारीत कमी अडकतं, आणि गवताला टोकदार. रंगाचं गणित आणखी सोपं: गढूळ पाण्यात काळा-निळा, स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी. वजनाचा आणि ट्रेलरचा विचार मात्र एकत्रच करावा लागतो, आणि नवशिके नेमकं हेच करत नाहीत. ट्रेलर हा फक्त शोभेचा नसतो, तो ब्रेकही असतो. रुंद नांग्यांचा ट्रेलर पाण्याचा विरोध वाढवतो, तोच अर्ध्या औंसाचा जिग हळू उतरतो. बास बऱ्याचदा आमिष खाली पडत असतानाच घेतो, म्हणून हा वेग महत्त्वाचा.

पाणी गरम असेल तर फडफडणाऱ्या नांग्या चालतात. पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की मासा थंड रक्ताचा, त्याची भूक आणि चपळाई दोन्ही कमी. तेव्हा जवळजवळ न हलणारा ठोकळा बरा. आणि इथेच प्लास्टिक अडतं. थंडीत प्लास्टिसायझर घातलेलं पीव्हीसी ताठरतं, डुकराची कातडी ताठरत नाही. म्हणून उन्हाळ्यात प्लास्टिकनं बाजार कधीच खाल्ला होता तरी हिवाळ्यात जुनेजाणते बरणी उघडतच राहिले. आमच्या भाषेत, लीगसी सिस्टिम एका फीचरसाठी जिवंत होती.

ती शेवटी बंद पडली, पण प्लास्टिकनं एकट्यानं नाही मारली. अमेरिकन गिऱ्हाइकाला कमी चरबीचं मांस हवं झालं होतं. १९८७ साली तिथल्या पोर्क उद्योगानं डुकराचं मांस चिकनसारखं पांढरं आणि हलकं म्हणून विकायची मोठी जाहिरात मोहीम काढली. डुकरं सडपातळ झाली, लवकर कापली जाऊ लागली. पाठीची जाड कातडी आणि चरबीचा थर, ज्याच्यावर बेडूक कापायचा, तो पूर्वीसारखा मिळेना. अंकल जॉशनं हेच कारण देऊन २०१५च्या अखेरीस डुकराच्या आमिषांचं उत्पादन थांबवलं. नव्वदेक वर्षांचा धंदा, आणि त्याला धक्का दिला जेवणाच्या ताटानं.

प्लास्टिकचं पुढे काय, हा प्रश्न मात्र पाण्यातच पडून आहे. फाटलेला ट्रेलर किती जण खिशात टाकून घरी नेत असतील? मेन राज्यात २०१३ साली मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर बंदी घालायचं विधेयक आलं होतं. मासेमार खवळले आणि प्रकरण अभ्यासावर निभावलं. ट्रेलरचं निभावलं, जिगच्या शिशाचं निभावलं नाही. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो, त्यात तुटलेल्या जिगचं शिसंही गिळतो, किंवा गळ अडकलेला मासाच खातो, आणि विषबाधेनं मरतो. न्यू हॅम्पशरनं २००० सालापासून निर्बंध आणले आणि २०१६ पासून एक औंस किंवा त्याखालचे शिशाचे जिग आणि वजनं यांवर बंदी घातली.

त्याला पर्याय म्हणून टंगस्टन आहे. महाग आहे, आणि घनताही जास्त: शिसं घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, टंगस्टन १९.३. त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं आकारानं बरंच लहान होतं आणि पाण्यात जास्त वेगानं उतरतं. म्हणजे शिशाच्या जिगवर वर्षानुवर्षं बसवलेलं गणित पुन्हा मांडायचं, आणि त्याच वेगानं उतरायला मागे थोडा रुंद ट्रेलर लावायचा.