जखमी सैनिकांसाठी खास घरं: व्हीलचेअरला न अडवणारं घर नेमकं कसं असतं?

युद्धात दोन्ही पाय गमावलेला सैनिक अनेक महिन्यांच्या उपचारांनंतर घरी परततो. दारात तीन पायऱ्या. बेडरूम वरच्या मजल्यावर. बाथरूमचा दरवाजा इतका अरुंद की व्हीलचेअर आत जातच नाही. स्वतःच्याच घरात अंघोळीसाठीसुद्धा बायकोला किंवा आईला हाक मारावी लागते.

इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांनंतर अमेरिकेतल्या अनेक कुटुंबांवर ही वेळ आली. त्यातूनच जखमी सैनिकांसाठी खास घरं बांधण्याच्या कामाने जोर धरला.

प्रश्न वाढला कशामुळे?

या युद्धांत रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी मोठी हानी केली. पण छाती वाचवणारी चिलखती जॅकेट्स, रक्तस्राव थांबवणारे पट्टे आणि हेलिकॉप्टरने तातडीने रुग्णालयात नेण्याची सोय यामुळे पूर्वी जीव घेणाऱ्या जखमांमधूनही सैनिक वाचू लागले. जीव वाचला, हात-पाय वाचले नाहीत. या काळात 1,500 हून अधिक अमेरिकी सैनिकांनी एक किंवा अधिक अवयव गमावले. मणक्याला, मेंदूला इजा झालेले आणि गंभीर भाजलेले सैनिक वेगळेच.

कृत्रिम पाय असताना वेगळं घर कशाला?

कृत्रिम पाय चोवीस तास घालता येत नाहीत. घामाने, घर्षणाने कातडी सोलवटते, सूज येते. झोपताना तर ते काढावेच लागतात. त्यामुळे मध्यरात्री बाथरूमला जायचं असेल, तर व्हीलचेअरच लागते. घर व्हीलचेअरला साजेसं नसेल, तर पडून पुन्हा दुखापत होण्याची भीती कायम राहते.

अशा घरात काय असतं?

- प्रवेश: पायरी किंवा उंबरठा नसतो. उतार द्यावाच लागला, तर 1 फूट उंचीसाठी किमान 12 फूट लांबी ठेवतात.
- दरवाजे: साधारण 3 फूट रुंद. गोल मुठीऐवजी खाली दाबायचा दांडा असतो, तो कोपरानेही उघडता येतो.
- मोकळी जागा: व्हीलचेअर वळवायला सुमारे 5 फूट व्यासाची जागा लागते.
- बाथरूम: शॉवरला कठडा नसतो, खुर्चीसकट आत जाता येतं. भिंतीत पक्के आधारदांडे असतात.
- स्वयंपाकघर: ओटा कमी उंचीचा, सिंकखाली गुडघे जातील अशी पोकळी, हाताशी खाली ओढता येणारी कपाटं.
- स्वयंचलित सोयी: हात गमावलेल्यांसाठी दिवे, पडदे, दारं आवाजाने किंवा टॅबलेटवरून चालतात.

पैसे कोण देतं?

अमेरिकी सरकारची मदत जुनी आहे. 1948 च्या कायद्याने पायांची हालचाल गेलेल्या माजी सैनिकांना घराच्या निम्म्या खर्चापर्यंत, कमाल 10,000 डॉलर मिळू लागले. आज माजी सैनिकांचा विभाग हे अनुदान देतो. 2025 या आर्थिक वर्षात त्याची कमाल मर्यादा 1,21,812 डॉलर होती. ठरलेल्या मर्यादेत ते सहा वेळा विभागून वापरता येतं. म्हणजे घर बदललं, तरी उरलेली रक्कम कामी येते.

'जखमी सैनिकाला सरकार फुकट घर देतं' हा समज मात्र चुकीचा आहे. हे अनुदान ठरावीक गंभीर अपंगत्वासाठीच मिळतं आणि पूर्ण नवं घर बांधायला ते सहसा पुरत नाही.

ही तफावत देणग्यांवर चालणाऱ्या संस्था भरून काढतात. 2004 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेली 'होम्स फॉर अवर ट्रूप्स' ही त्यांपैकी एक. बांधकाम क्षेत्रातल्या जॉन गोन्साल्विस यांनी ती स्थापन केली. घरात चाळीसहून अधिक खास सोयी असतात आणि गृहकर्जाचा बोजा नसतो. मालमत्ता कर, विमा आणि देखभाल मात्र सैनिकालाच करावी लागते. अभिनेते गॅरी सिनीस यांची संस्थाही अशी घरं बांधते.

फायदा फक्त सैनिकांचा?

नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीलचेअरवरचे माजी सैनिक इलिनॉय विद्यापीठात शिकायला आले. तिथे टिमोथी न्यूजंट यांनी त्यांच्या अडचणींवर काम केलं. त्याच अनुभवातून 1961 मध्ये इमारती अपंगांना वापरता याव्यात यासाठीचं अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय मानक तयार झालं. रॅम्प आणि रुंद दारं पुढे वृद्धांना, बाबागाडी ढकलणाऱ्या आईवडिलांनाही उपयोगी पडली.

आपल्याकडे काय?

पुण्याजवळ खडकीला 1974 पासून मणक्याच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे राहण्याची, उपचारांची आणि खेळांची सोय आहे, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे सैनिकही तिथे घडले. पण केंद्र कितीही चांगलं असलं, तरी गावाकडच्या आपल्या माणसांत राहायचं असेल, तर तिथलं घर तयार हवं. घरचा उंबरठा उंच, संडास अंगणापलीकडे आणि भारतीय पद्धतीचा असेल, तर सुट्टीला चार दिवस जाणंही कठीण होतं. अशा घरात एक पक्का उतार, एक रुंद दार आणि कमोडशेजारी एक आधारदांडा बसवला, तरी निदान अंघोळ-संडाससाठी दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही.