गेममधील कटार, बाजारातील वाघनख : प्रतिकृती अचूक, पण कशाशी?

#थ्रेड

व्हिडिओ गेममधील शस्त्राची प्रतिकृती विकत घेताना ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो : ही अचूक आहे का? हा प्रश्न अपुरा आहे. अचूक कशाशी? पडद्यावर दिसणाऱ्या शस्त्राशी, की ते ज्यावर बेतले त्या ऐतिहासिक शस्त्राशी? भारतीय शस्त्रांच्या बाबतीत या दोन उत्तरांत पुष्कळदा जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

काही वस्तूंना दुसरे उत्तर नसतेच. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम प्रसिद्ध केला. त्यातील नायिकेचा त्रिशूळ दैवी आहे. त्याची प्रतिकृती कोणी केली, तर ती गेममधील त्रिशुळाशीच ताडून पाहावी लागेल. तो त्रिशूळ कोणत्याही शस्त्रागारात कधी नव्हता.

कटारीचे तसे नाही. तिची मूठ इंग्रजी 'एच' अक्षरासारखी असते. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या मुठीत धरायच्या, आणि पाते मुठीच्या सरळ रेषेत पुढे येते. ठोसा मारावा तसे हे शस्त्र खुपसायचे असते. हाताचे सगळे बळ थेट टोकाशी पोहोचते. अनेक अस्सल कटारींचे टोक म्हणूनच मुद्दाम जाड ठेवलेले आढळते, कारण ते साखळी चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी आहे.

आता 'डायब्लो २' पाहा. त्याच्या २००१ च्या विस्तारात 'अ‍ॅसॅसिन' हे पात्र आले आणि 'कटार' हे शस्त्र तिच्या पंजांच्या वर्गात जाऊन बसले. 'रॅग्नारोक ऑनलाइन'मध्ये 'कटार' हा शस्त्रांचा एक संपूर्ण वर्गच आहे आणि त्यात 'जमधर' नावाचे आणखी एक शस्त्र आहे. येथे मात्र गेमकर्त्यांना एकट्यांना दोष देता येत नाही. भारतीय शस्त्रांचे अभ्यासक जी. एन. पंत यांच्या मते आडव्या मुठीच्या या शस्त्राचे खरे नाव जमधरच होय, आणि नावांचा घोळ विल्ब्रहॅम एजर्टन यांच्या १८८० च्या शस्त्रसूचीपासून रूढ झाला. तेव्हा नावाची चूक, असलीच, तर गेमहून शंभर वर्षांनी जुनी आहे. आकाराची चूक तेवढी गेमची.

म्हणून कटारीची प्रतिकृती हाती आली की नक्षीकडे नंतर पाहावे. आधी मूठ धरून पाहावी. चार बोटे आडव्या दांडीवर नीट बसतात का? बाजूच्या पट्ट्या मनगटाला आधार देतात का? टोक जाड आहे, की सारे पाते एकाच जाडीच्या पत्र्यातून कापले आहे? धार नसणे हा दोष नव्हे. दिवाणखान्यात टांगायच्या वस्तूला धार नसलेलीच बरी.

वाघनखाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गेम आणि चित्रकथांनी पंजाची एक प्रतिमा रूढ केली आहे : मुठीच्या पाठीवरून पुढे झेपावणारी लांब पाती. वाघनख याच्या अगदी उलट असते. दोन टोकांच्या अंगठ्या तर्जनी आणि करंगळीत घालायच्या, पट्टी तळव्याच्या बाजूला येते आणि नखे मिटलेल्या बोटांआड दडतात. समोरच्याला फक्त अंगठ्या दिसाव्यात, हीच त्याची युक्ती. नखे बाहेरच्या बाजूला काढली की शस्त्राचा हेतूच संपला. मग पोलाद कितीही उत्तम असो. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीचे वर्णन करताना सभासदाने शिवाजी महाराजांच्या डाव्या हाती वाघनख आणि उजव्या हाती बिचवा सांगितला आहे. अशा भेटीत लपवता न येणाऱ्या शस्त्राचा उपयोग शून्य.

पण अचूक प्रतिकृती करायची तर समोर ठेवायचे मूळ कोणते? उत्तर म्हणून बहुतेक जण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखाकडे बोट दाखवतील. तीन वर्षांच्या कराराने ते महाराष्ट्रात आले आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडले गेले. त्याला चार नखे आहेत. सोबतच्या पेटीवरील मजकूर सांगतो की, शिवाजीने मोगल सरदाराला ज्याने मारले ते हे वाघनख असून, पेशव्यांच्या प्रधानाने ते साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला दिले.

अफजलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ज्या वाक्यावर वस्तूची सारी ओळख उभी आहे, त्यातच ही चूक आहे. शिवाय खुद्द ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात वाघनखाचे जे वर्णन दिले आहे, त्यात तर्जनी-करंगळी आहे, अर्धवट मिटलेल्या हातात लपणे आहे, पण नखे तीन आहेत. वर्णन सर्वसामान्य असेल, हे मान्य. तरीही प्रतापगडाचे वाघनख स्वतःजवळ असलेल्या माणसाने नखांची संख्या वेगळी लिहावी, हे खटकते. हेच वाघनख प्रतापगडावर वापरले गेले याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयही सांगते. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हाच आक्षेप जाहीरपणे मांडला, तेव्हा वाद पेटला.

यातून प्रतिकृती विकणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. चार नखे, दोन अंगठ्या, योग्य बाक, तळव्याकडची पट्टी, हे सर्व हुबेहूब साधले, तरी ती लंडनच्या वस्तूची अचूक प्रतिकृती ठरेल, प्रतापगडच्या नव्हे. खोक्यावर नेमके कोणते वाक्य छापले आहे, हेही तपासायला हवे. 'महाराजांच्या वाघनखाची तंतोतंत प्रतिकृती' हे वाक्य कोणताही कारागीर खरे करून दाखवू शकत नाही. 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखावरून' असे लिहिणारा विक्रेता मात्र जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगतो.

पुणेकरांना तुलनेसाठी लंडन गाठण्याची गरज नाही. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तेथील शस्त्रदालनात आधी मुठी पाहाव्यात, मग पाती. गेममधील शस्त्रांची पाती बरीचशी पटतात. ती धरायची कशी, तेथे गाडे अडते.